घटकाभर दम

योगवर्गात एक आसन शिकवतात, चक्कीचालनासन. बिहार योग विद्यालयाच्या स्वामी सत्यानंदांनी ज्या सोप्या हालचाली क्रमाने बांधून दिल्या, त्यांतलं हे एक. पाय पसरून बसायचं, दोन्ही हातांची बोटं गुंफायची, कोपरं ताठ ठेवायची आणि कमरेतून मोठं वर्तुळ काढायचं. पुढे जाताना हात पायांच्या बोटांवरून न्यायचे, मागे येताना पाठ जमेल तितकी कलवायची. काही वर्तुळं एका बाजूनं, तितकीच उलट्या बाजूनं. कंबर आणि ओटीपोट मोकळं होतं, बाळंतपणानंतर उपयोग होतो, असं शिकवणाऱ्या बाई सांगतात. शहरात यासाठी महिन्याची फी भरून बायका येतात. मराठवाड्यातल्या राणीसावरगावात एखाद्या सत्तरीच्या आजीपुढे हे आसन करून दाखवलं, तर ती पदर तोंडाला लावून हसेल आणि विचारेल, "अगं, पण पीठ कुठंय?"

या प्रश्नावर दोन उत्तरं लगेच सुचतात आणि दोन्ही चुकीची आहेत. पहिलं उत्तर असं, की बघा, आमच्या आज्या-पणज्यांना सगळं ठाऊक होतं. जातं, उखळ, पाटा-वरवंटा हाच त्यांचा योग होता, गिरण्या आल्या आणि बायका आजारी पडल्या. दुसरं असं, की खेड्यातल्या बाईला व्यायामाची गरजच काय, ती दिवसभर राबतेच की. पहिलं उत्तर व्यासपीठावरून ऐकू येतं, दुसरं घरातून. योग, श्वास आणि नाच हा या पुस्तिकेचा विषय समजून घ्यायचा तर आधी ही दोन्ही बाजूला ठेवावी लागतात.

जात्यावर बसणारी ती बाई पहाटे अंधारात उठलेली असायची, बऱ्याचदा अर्धपोटी, कधी सातव्या-आठव्या महिन्यातली, कधी बाळंतपणातून नुकती उठलेली. पायली-दोन पायली दळण संपेपर्यंत तिला उठता येत नव्हतं. जातं एकाच दिशेनं फिरतं. खुरपणीत पाठ एकाच बाजूला वाकते. कापूस वेचताना ओटीतलं ओझं सतत पुढच्या अंगाला लोंबतं आणि मान तासन्‌तास खाली असते. डोक्यावर हंडा, कमरेवर लेकरू, तेही ठरलेल्याच कमरेवर. श्रमाचा हा स्वभावच आहे: तो शरीराचा ठरावीक भाग वापरतो, झिजवतो आणि उरलेल्या भागाकडे बघतही नाही. व्यायामात उलट बाजूचं वर्तुळही काढतात, हा फरक दिसायला छोटा आहे. त्याहून मोठा फरक असा, की व्यायाम हवा तेव्हा थांबवता येतो. दळण थांबवता येत नव्हतं.

म्हणून राबणाऱ्या बाईला हालचाल कमी पडते असं नाही. तिला तिच्या मालकीची हालचाल मिळत नाही. ती स्वतःसाठी कधी वाकत नाही, स्वतःसाठी हात वर करत नाही, स्वतःसाठी खोल श्वास घेत नाही. योग, श्वास आणि नाच या तिन्हींचा विचार मी याच एका धाग्यावर करतो आहे.

राणीसावरगाव गंगाखेड तालुक्यातलं, बालाघाटाच्या डोंगराळ अंगाचं. गोदावरी तालुक्याच्या ठिकाणाला लागून वाहते, पण या डोंगरपट्ट्याच्या वाट्याला तिचं पाणी फारसं येत नाही. शेती बहुतेक कोरडवाहू. सोयाबीन, कापूस, तूर. पेरणी, फवारणी, मळणी यांत यंत्र आलं, आणि यंत्र बहुधा पुरुषाच्या हाती गेलं. खुरपणी, वेचणी आणि वाकून करायचं जे-जे काम ते बाईकडेच राहिलं. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाच्या गृहविज्ञान विभागानं शेतकरी बायकांचे कष्ट मोजण्याचं आणि ते कमी करणारी साधनं शोधण्याचं काम केलं आहे. अशी साधनं गावोगाव पोचली असती तर या पुस्तिकेतली पाठदुखीवरची पानं कमी झाली असती.

दसरा-दिवाळी झाली की या पट्ट्यातली कितीतरी घरं कारखान्याच्या वाटेला लागतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाची उचल आधीच घेतलेली. ऊस तोडायचा, मोळी बांधायची, डोक्यावर घेऊन गाडीत चढवायची. पाळी आली म्हणून बसलं तर खाडा, आणि खाड्याचे पैसे कापले जातात. शेजारच्या बीड जिल्ह्याचे आकडे २०१९ मध्ये सगळ्या राज्यानं ऐकले. डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली शासनानं नेमलेल्या समितीपुढे ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी आली, त्यांतल्या १३,८६१ जणींची गर्भाशयं काढलेली होती. बायका त्याला साधं "पिशवी काढली" म्हणतात, दात काढावा तसं. अंगावरून जातं, पोट दुखतं, कामात खंड नको, डॉक्टरनं कॅन्सरची भीती घातली, अशा चार कारणांनी पंचविशी-तिशीतल्या बायका टेबलावर झोपल्या. जिल्ह्याची हद्द ओलांडली म्हणून दुखणं बदलत नाही, आणि ऊसतोडीला जाणारी गाडी राणीसावरगावच्या डोंगरातूनही निघते.

अशा बाईला "तुमची ऊर्जा वाढवा" असं सांगताना जीभ अडखळली पाहिजे. ऊर्जा हा शब्द अलीकडे फार स्वस्त झाला आहे. इथली बाई तो वापरत नाही. ती म्हणते, हातपाय गळाले, अंगात त्राण नाही, घेरी येते, चढ चढताना दम लागतो, बसलं की उठावंसं वाटत नाही. यांतल्या निम्म्याअधिक वाक्यांचा अर्थ रक्त तपासल्यावर कळतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९ ते २१ या काळात, महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयोगटातल्या ५४.२ टक्के बायकांना रक्तक्षय आढळला. आधीच्या फेरीत हा आकडा ४८ होता. म्हणजे तो वाढला. गरोदर नसलेल्या बाईचं हिमोग्लोबिन १२ च्या खाली गेलं की तिला रक्तक्षय आहे असं धरतात, गरोदर बाईसाठी ही रेघ ११ वर आहे. रक्तात लोह कमी म्हणजे स्नायूंना प्राणवायू कमी. मग दम लागणारच.

कपालभातीनं रक्त वाढत नाही. हे वाक्य मी मुद्दाम इतकं उघडं लिहितो आहे, कारण याच्या उलट सांगणारे खूप आहेत. रक्त वाढतं ते लोहाच्या गोळीनं, जंताच्या गोळीनं, पोटभर भाकरीबरोबरच्या पालेभाजीनं, डाळीनं, खात असाल तर मटणा-कलेजीनं, वर लिंबू पिळल्यानं, आणि जेवणावर लगेच चहा न प्यायल्यानं. गावच्या आशा स्वयंसेविका, म्हणजे आशाताई, गोळ्या देतात, पण मळमळतं, शौचाला काळं होतं म्हणून त्या गोळ्या फडताळात पडून राहतात. जेवणानंतर किंवा रात्री झोपताना घेतल्या तर त्रास कमी होतो. योगाच्या पुस्तिकेच्या प्रस्तावनेत गोळ्यांची गोष्ट कशाला, असं कुणी विचारेल. रक्तक्षय असलेल्या बाईला बारा सूर्यनमस्कार घालायला लावले तर तिला चक्कर येईल, आणि ती पुन्हा कधी येणार नाही. गोष्ट एवढ्यासाठी.

वेळेचंही तसंच. केंद्र सरकारनं २०१९ मध्ये देशभर वेळेच्या वापराची पाहणी केली. घरातल्या माणसांसाठीचं बिनपगारी घरकाम करणाऱ्या बाईची त्यात दिवसाला २९९ मिनिटं जात होती, पुरुषाची ९७. आणि असं काम मुळात करणारे पुरुष चारांतून जेमतेम एक. इथं आठवते ती याच गंगाखेडची संत जनाबाई. तिची गोष्ट आपण सातशे वर्षं सांगतो. जनी दळते तेव्हा विठ्ठल येतो. तो तिला आसन शिकवायला येत नाही, ध्यानाची दीक्षा द्यायला येत नाही; खुंट्याला हात लावून दळू लागतो. गोवऱ्या वेचतो, केस विंचरून देतो. मराठी बाईच्या कल्पनेतला देव हा कामाला हात लावणारा आहे, याकडे घरातल्या पुरुषांनी जरा बारकाईनं पाहावं. त्यातून बाईला अर्धा तास मोकळा मिळाला तरच बाकीची पानं कामाची.

तो अर्धा तास मिळाला असं धरू आणि योगाकडे येऊ. आधुनिक योगाचा बराचसा इतिहास महाराष्ट्राच्या भूमीवर घडला. श्री योगेंद्र यांनी १९१८ मध्ये मुंबईत योग इन्स्टिट्यूट सुरू केली. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये लोणावळ्याला कैवल्यधाम उभारलं आणि आसनं करताना शरीरात नेमकं काय होतं हे उपकरणं लावून पाहिलं, 'योगमीमांसा' त्याच वर्षी निघू लागलं. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी सूर्यनमस्कारांच्या ध्यासानं इतके पछाडलेले, की संस्थानातल्या शाळांत मुलांबरोबर मुलींनाही ते घालावे लागत आणि राजवाड्यातल्या बायकांचीही सुटका नव्हती.

तरीही या सगळ्या उभारणीत मोजमापाला धरलेलं शरीर बहुतेक पुरुषाचं होतं: सपाट पोटाचं, बाळंतपण न झालेलं, महिन्यातले सगळे दिवस सारखे असणारं. तो साचा मोडायला बायकांनाच पुढं यावं लागलं. योगेंद्रांच्या पत्नी सीतादेवी यांनी १९३४ मध्ये स्त्रियांसाठी योगावर स्वतंत्र पुस्तक लिहिलं. त्यानंतर पुण्यात गीता अय्यंगार. बी. के. एस. अय्यंगार यांची ही मोठी लेक लहानपणी मूत्रपिंडाच्या दुखण्यानं जवळजवळ हातची गेली होती, आसनांच्या वाटेनं ती उभी राहिली, आयुर्वेद शिकली, आणि रमामणी अय्यंगार योग संस्थेत तिनं आयुष्यभर बायकांना शिकवलं. पाळीच्या दिवसांत काय करायचं आणि काय टाळायचं, गरोदरपणाच्या कोणत्या महिन्यात काय, बाळंतपणानंतर किती दिवसांनी, पाळी जाण्याच्या वयात काय, अशी बाईच्या आयुष्याच्या टप्प्यांनुसार आसनांची मांडणी तिनं केली. २०१८ मध्ये ती गेली.

अय्यंगारांच्या पद्धतीत टेकू लागतात: लोड, पट्टे, खुर्च्या, दोऱ्या, लाकडी ठोकळे. शहरात त्यांची दुकानं आहेत. राणीसावरगावात गोधडीची वळकटी लोडाचं काम करते, धान्याचं भरलेलं लहान पोतं उशाखाली चालतं, जुन्या लुगड्याची पट्टी पट्ट्याचं काम करते, भिंत तर सगळ्यांकडेच आहे. पाठीखाली वळकटी घेऊन, पायांचे तळवे जुळवून, गुडघे बाजूला सोडून दहा मिनिटं पडून राहणं हे सुप्त बद्धकोणासन आहे. पाय भिंतीला वर लावून निजणं हे विपरीत करणीचं सोपं रूप आहे. दिवसभर खुरपून आलेल्या बाईला ही दोनच आसनं शिकवली तरी माझ्या मते निम्मं काम झालं. तिला आणखी वाकवायची गरज नाही, तिला उलगडायचं आहे. शिवाय ही दोन्ही लुगड्यावर करता येतात. सलवार घालून या, ट्रॅक पँट आणा, अशा सूचना दिलेल्या वर्गात चाळिशीपुढची बाई दुसऱ्या दिवशी फिरकत नाही.

आता श्वास. आपण मिनिटाला साधारण बारा ते वीस श्वास घेतो. तो मुद्दाम हळू केला, विशेषतः सोडायला घेण्यापेक्षा जास्त वेळ लावला, की मेंदूपासून पोटापर्यंत उतरणारा व्हेगस नावाचा मज्जातंतू हृदयाला संथ व्हायला सांगतो. रक्तदाब सावरणारी शरीराची यंत्रणा अधिक तत्पर होते. इटलीतल्या पाव्हिया इथले लुचिआनो बेर्नार्डी आणि त्यांचे सहकारी यांनी २३ निरोगी माणसांवर एक प्रयोग केला, तो २००१ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये छापून आला. काहीजणांना वाटेल की प्राणायामावरचा असेल. तो होता जपमाळेवरचा. लॅटिन भाषेतली मरियेची प्रार्थना आणि तिबेटी बौद्धांचा 'ओम मणि पद्मे हुम्' हा मंत्र, दोन्ही म्हणताना माणसांचा श्वास आपोआप मिनिटाला सहाच्या आसपास आला, आणि हृदयाच्या लयीवर त्याचा चांगला परिणाम दिसला. त्यांना श्वास मोजायला कुणी सांगितलं नव्हतं. शब्दांच्या लांबीनं तो बांधला गेला.

हे वाचताना मराठी माणसाच्या कानात टाळ वाजू लागले नाहीत तर नवल. मराठवाड्यातल्या कितीतरी गावांत संध्याकाळी बायकांचा हरिपाठ असतो. मंदिरात किंवा पारावर दोन रांगा समोरासमोर उभ्या राहतात, हातात टाळ, आणि अभंगाच्या लयीवर पावलं पुढं-मागं पडतात, मग गिरकी, मग बैठक. लांब ओळ एका दमात म्हणायची, ध्रुपदाला दुसऱ्या रांगेनं उचलून धरायचं, तेवढ्यात पहिल्या रांगेनं श्वास भरायचा. योग, श्वसन आणि नृत्य यांना एकत्र आणणारा कार्यक्रम आखा असं एखाद्या तज्ज्ञाला सांगितलं, तर तो खूप कागद खर्च करून जवळपास इथंच येईल. सासूनं हरकत घेऊ नये अशी त्याची प्रतिष्ठाही आहे, आणि खेड्यात कुठल्याही आरोग्य-योजनेचं भवितव्य तिथं ठरतं. माझा आग्रह म्हणून असा आहे, की जिथं बायकांचं हरिपाठ मंडळ आहे तिथं वेगळा योगवर्ग काढू नये. हरिपाठाआधी दहा मिनिटं सांधे मोकळे करावे, नंतर दहा मिनिटं आडवं पडावं. ज्या घरांत हरिपाठ नाही, ज्या आपल्या बौद्ध, मुसलमान किंवा बंजारा शेजारणी आहेत, त्यांची वंदना, त्यांची गाणी आहेतच; श्वासाला शब्दांची लांबी लागते, देव कोणता हे विचारलं जात नाही.

जात्यावरच्या ओवीबद्दलही पुष्कळांना असंच वाटतं, पण तिथं जरा जपून बोलायला हवं. दळताना मिनिटाला सहा श्वास पडत असतील असं मी म्हणणार नाही. ते कष्टाचं काम होतं आणि कष्टात दम लागतोच. ओवीनं दुसरं काही केलं. गी पॉइतवँ आणि हेमा राईरकर यांनी १९८० च्या दशकापासून महाराष्ट्रातल्या हजारावर गावांतून एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. आता त्या 'पारी' (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया) या संकेतस्थळावर कुणालाही वाचता-ऐकता येतात. आई, भाऊ, लेक, सवत, पाऊस, सासरचा जाच, पंढरी, बाबासाहेब, सगळं त्यांत आहे. एकटीनं अंधारात, स्वतःच्या आवाजात, कुणी अडवणार नाही अशा वेळी मनातलं बोलून टाकणं, हे ओवीचं काम होतं. गिरणी आली तेव्हा खांद्यांवरचं ओझं गेलं. ते जायलाच हवं होतं, त्यासाठी उसासे टाकणारे लोक स्वतः कधी दळायला बसलेले नसतात. पण बोलायची ती जागाही गेली आणि तिच्या बदल्यात काही आलं नाही. या पुस्तिकेत श्वासाच्या प्रत्येक पाठाला जोडून चार ओळी गुणगुणायला सांगितलं आहे ते यासाठी.

श्वासाबद्दल एक अगदी साधी गोष्ट राहिली. चुलीपुढं बसून प्राणायाम करू नका. उज्ज्वला योजना २०१६ मध्ये आली, सिलिंडर घरात आलं, पण ते संपल्यावर दुसरं आणायचे पैसे प्रत्येक महिन्याला नसतात आणि तुराट्या-पऱ्हाट्या फुकट असतात. धुरानं भरलेल्या खोलीत खोल श्वास म्हणजे खोलवर धूर. अंगणात या, गच्चीवर जा, शाळेच्या पटांगणात बसा. भस्त्रिका, कपालभाती यांसारखे जोरकस प्रकार गरोदरपणी, पाळीत, रक्तदाब वाढलेला असताना, फिट येत असतील तर किंवा पोटाचं ऑपरेशन नुकतं झालं असेल तर करूच नयेत. भ्रामरी आणि साधं दीर्घ श्वसन यांनी कुणाचं नुकसान होत नाही. त्यातही डोकं हलकं वाटलं तर थांबायचं.

नाचाकडे मी शेवटी आलो, कारण बायकांना नाचाची भीती जास्त. "नाचायचं?" म्हटलं की त्या लाजतात, "फेर धरायचा?" म्हटलं की उठतात. मराठवाड्यात नागपंचमी हा बायकांचा खरा सण. माहेरी आलेल्या लेकी, झाडाला झोके, हातावर मेंदी, आणि रात्री उशिरापर्यंत फेर, झिम्मा, फुगड्या. तांड्यांवर श्रावणात तीज असते. टोपलीत गहू उगवत ठेवून बंजारा मुली दिवसचे दिवस रिंगणात नाचतात. आषाढीच्या वाटेवर वारकरी बाया पालखीपुढं फुगड्या घालतात आणि त्यांत साठीच्या बाया असतात, अनवाणी.

फुगडी नीट पाहण्यासारखी आहे. दोघी हातांची अढी घालतात, पाय जवळ आणतात, मागं झुकतात आणि फिरतात. दोघींचं वजन एकमेकींच्या हातांवर तोललेलं असतं. एकीनं हात सोडला तर दोघी पडतात. पायाच्या पोटऱ्या, मांड्या, पाठ, खांदे, पकड, तोल, सगळं एकदम कामाला लागतं. तोंडानं 'फू' काढायची रीतही बऱ्याच ठिकाणी आहे. दर गिरकीला श्वास जोरानं बाहेर जातो. एक-दोन मिनिटांत घाम येतो. पाश्चात्त्य देशांत नृत्याचा उपचार म्हणून वापर १९४० च्या दशकात मॅरियन चेस यांनी वॉशिंग्टनच्या सेंट एलिझाबेथ्स या मनोरुग्णालयात सुरू केला, १९६६ मध्ये अमेरिकेत त्या उपचारकांची संघटना झाली. चेस यांच्या पद्धतीत रुग्ण वर्तुळात उभे राहतात, एकाच्या हालचालीला दुसरे साथ देतात आणि सगळे एका लयीत येतात. आपल्या फेराला असं कुणी शास्त्र केलं नाही. शहरात मात्र मंगळागौरीचे खेळ करून दाखवणारी मंडळं आता पैसे देऊन बोलावतात आणि घरच्या बायका खुर्च्यांवर बसून मोबाइलवर चित्रण करतात, हेही खरं आहे.

पण पंचमीच्या रात्री राणीसावरगावसारख्या कुठल्याही गावात फेराच्या कडेला बसलेल्या बायका मोजा. तिशी-पस्तिशीच्या पुढच्या पुष्कळजणी टाळ्या वाजवत बसलेल्या असतात. का उठत नाही विचारलं तर "आता कुठं", "पोरी नाचतात की", "गुडघे धरलेत" अशी उत्तरं मिळतात. एक उत्तर त्या देत नाहीत. तीन-चार बाळंतपणं आणि बाळंतपणानंतर लगेच उचललेली ओझी यांनी ओटीपोटाखालचे स्नायू सैल झालेले असतात. खोकलं, शिंकलं, उडी मारली की लघवी सुटते. काहींना अंग बाहेर आल्यासारखं वाटतं. फुगडीत उडी आणि जोराचा श्वास दोन्ही आहेत, म्हणून फुगडी सुटते. मग लग्नकार्यातली वरात सुटते, वारी सुटते, लांबचा एसटीचा प्रवास सुटतो. ती हे कुणाला सांगत नाही, नवऱ्याला नाहीच, डॉक्टरलाही क्वचित.

हे दुखणं बरंचसं सुधारण्यासारखं आहे. लघवी आणि शौच रोखून धरताना जे स्नायू आवळतो ते आवळायचे, पाच-सात आकडे धरायचे, तितकाच वेळ सैल सोडायचे. दिवसातून तीनदा, दर वेळी आठ-दहा वेळा. पोट, मांड्या आवळायच्या नाहीत, श्वास रोखायचा नाही. अमेरिकी डॉक्टर आर्नल्ड केगल यांनी हा व्यायाम १९४८ मध्ये मांडला. हठयोगातला मूलबंध आणि अश्विनी मुद्रा यांची जातकुळी हीच. अशा तक्रारीवर आज जगभर औषध-ऑपरेशनच्या आधी हाच उपाय सांगितला जातो. फरक पडायला आठवडे जातात, कधी तीन महिने. भाकरी थापताना, बसमध्ये, कीर्तनात बसल्या-बसल्या करता येतो, कुणाला कळत नाही. अंग बाहेर दिसत असेल किंवा लघवीत रक्त असेल तर मात्र स्त्रीरोगतज्ज्ञाकडे जायचं, आणि पहिल्याच भेटीत कुणी पिशवी काढायला सांगितली तर दुसऱ्या डॉक्टरचं मत घ्यायचं. पुस्तिकेतलं हे प्रकरण मला सगळ्यांत मोलाचं वाटतं. ते आधी वाचलं तरी चालेल.

नाचाची आणखी एक जागा आहे, तिच्याबद्दल लिहावं की नाही यावर मी थोडा घुटमळलो. नवरात्रात, आरती रंगात आली की काही बायकांच्या अंगात येतं. केस सुटतात, श्वास भराभर चालतो, त्या घुमतात. भराभर श्वासानं रक्तातला कर्बवायू कमी होतो, हातापायांना मुंग्या येतात, भोवतालचं भान विरळ होतं, हा त्यातला शरीराचा भाग. मनाचा भाग असा, की एरवी जिनं मान वर करायची नाही तिच्यापुढं त्या घडीला सासरे हात जोडतात. तिला हसणं क्रूर आहे आणि तिच्याकडून भविष्य विचारणं त्याहून वाईट. वर्षभर जिला ओरडायला, रडायला, अंग झोकून द्यायला जागा मिळत नाही, तिला वर्षातून एकदा देवीच्या आडोशानं ती मिळते, असं मी समजतो. फेराची, हरिपाठाची, साध्या गप्पांची जागा आठवड्यातून दोनदा मिळाली तर तो आडोसा किती जणींना लागेल, हे बघण्यासारखं आहे. वारंवार अंगात येतं, झोप जाते, जीव नकोसा वाटतो असं कुणी सांगितलं तर तो नाचाचा विषय राहत नाही. आशाताईला सांगून मनाच्या डॉक्टरपर्यंत तिला पोचवायचं.

सुरुवात कशी करावी, याबद्दल थोडं. बचतगटाची बैठक असते त्याच दिवशी, त्याच ठिकाणी जमावं. वेगळा दिवस काढला की तो मोडतो. उन्हाळ्यात संध्याकाळ, सुगीत दुपारची विश्रांती, पावसाळ्यात शाळेचा व्हरांडा. ऊसतोडीला गेलेल्या बायका चार-पाच महिने नसतील. त्यांना जाताना ओटीपोटाचा व्यायाम आणि भिंतीला पाय लावून निजणं एवढंच देऊन पाठवावं, कोपीला, म्हणजे तोडीवरच्या झोपडीला, भिंत नसली तरी गाडीचं चाक असतं. २१ जूनला, योगदिनाला, शाळेच्या मैदानावर सतरंज्या पडतील आणि फोटो निघतील. त्याला जरूर जावं, पण गटाची सुरुवात त्या दिवशी करू नये. पेरणीची घाई असते आणि आठवड्यात सगळं पांगतं. पंचमीच्या आसपास सुरू करावं. तेव्हा खुरपणी उरकत आलेली असते आणि माहेरवाशिणी आलेल्या असतात.

पहिल्या बैठकीला आशाताईंना बोलवा आणि प्रत्येकीचं हिमोग्लोबिन तपासून वहीत लिहून ठेवा. नऊच्या खाली असेल तिनं तीन महिने फक्त श्वास, पडून करायची आसनं आणि गोळ्या; फेरात टाळ्या वाजवायला बसावं, आणि तिच्या टाळीवर बाकीच्यांनी नाचावं. सातच्या खाली असेल तर तिला त्याच दिवशी गंगाखेडच्या दवाखान्यात न्यायचं, कुणीतरी सोबत जायचं आणि तिच्या घरचा त्या दिवसाचा स्वयंपाक बाकीच्यांनी वाटून घ्यायचा. तीन महिन्यांनी पुन्हा तपासा.